काकूंची अंडी, जावयाची होडी

“अगं ए, व्हॅसलीन हाय का गं तुझ्याकडं? मोठी डबी?”

सकाळचे साडेदहा वाजलेले. मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. आमच्या नागाळा पार्कातल्या दोन घरांमधलं कंपाउंड बरोबर काकूंच्या हनुवटीपर्यंत येतं, त्यामुळं भिंतीवर नुसतं एक डोकं ठेवलंय आणि तेच बोलतंय असं वाटतं. पण एप्रिलच्या उन्हात व्हॅसलीन?

“ओठ फुटलेत काय काकू?”

“ओठ न्हवं. अंड्यांना लावायचंय.”

चादर तशीच तारेवर टाकून मी भिंतीपाशी गेले. असलं वाक्य ऐकून चिमटे लावत बसणारी बाई कोल्हापुरात अजून जन्माला यायची आहे.

काकू आदल्या रात्रीच गोव्याहून परतल्या होत्या. सावंतवाडी, आंबोली, आजरा करत एसटीनं. तिकडं त्यांची भाची असते, म्हणजे थोरल्या बहिणीची, अक्काची लेक. जावई आधी मोठ्या जहाजावर इंजिनीअर होता. तीन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली आणि चाळीस फुटांची एक जुनी शिडाची होडी घेतली. ‘बायको-पोरीला घेऊन जग बघणार’ असं जाहीर केलं. तेव्हापासून आमच्या भिंतीवर हा विषय चालू आहे. मधल्या काळात टीव्हीवरच्या मालिका संपल्या, नव्या लागल्या, त्याही संपल्या. होडी मात्र मांडवीतून बाहेर पडली नाही.

“अंडी बिनधुतलेली घ्यायची,” काकू सांगू लागल्या. “फ्रीजमधी एकदाबी न ठेवलेली. वरनं व्हॅसलीन चोळायचं. कवचाला बारीक भोकं असतात बघ, ती बुजतात. आणि एक दिवसाआड उलटायची. महिना-दीड महिना टिकतात म्हणे. म्हटलं, तुम्ही समुद्रात जाऊन नासकी अंडी फोडण्यापरास मी हितं करून बघतो. डझनभर आणलोय. एकेकावर तारीख लिवतो.”

(काकू ‘करतो’, ‘लिवतो’च म्हणतात. आमच्याकडं बायकांचं असंच असतं. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या कोल्हापूरकरणींना पहिलं वर्षभर यावरून हसतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या नणंदाही ‘मी आलो’ म्हणायला लागतात.)

“तारखेवरनं आठवलं काकू, निघायची तारीख ठरली काय?”

“ठरली की. डिसेंबर.”

“गेल्या वर्षीबी डिसेंबरच होता.”

“तवाचा डिसेंबर येगळा.”

यात काकूंची चूक नाही. शिडाच्या होडीला कॅलेंडर वारा देतो. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा पाऊसवारा. त्या दिवसांत कोळीही होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन पुन्हा पाण्यात घालतात. डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येकडून कोरडा, सरळ वारा येतो. याच वाऱ्यावर शेकडो वर्षं आपल्याकडची गलबतं अरबस्तानाकडं आणि आफ्रिकेकडं गेली. जावयाला त्याच वाऱ्यावर मालदीव, मग सेशेल्स असं जायचंय. म्हणजे एक काम जानेवारीवर गेलं, की निघणं सरळ वर्षभर पुढं ढकललं जातं. पहिल्या डिसेंबरात डोलकाठीच्या तारा बदलायच्या राहिल्या होत्या, दुसऱ्यात इंजिनाचा पार्ट बाहेरून यायचा होता. आपल्याला यात नवल नाही. थेट पाइपलाइनच्या पाण्यासाठी आपण किती दिवाळ्या वाट बघितली!

“आत्ता गेलो न्हवं,” काकू म्हणाल्या, “तर घरात पाय ठेवायला जागा न्हाई. हॉलमधी ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत शीड पसरलंय. मशिनीवर बसून आमची पोरगी त्याला ठिगळ लावालीय. म्हटलं, अगं, आयुष्यात पोलक्याला हूक लावला न्हाईस! गॅलरीत दोरखंड. बाथरूमच्या कपाटात नटबोल्टांचे डबे, त्यावर चिठ्ठ्या. आणि पार्किंगमधी नांगराची साखळी. साठ मीटर! शेजारचा रोज भांडतोय, माझी स्कूटर कुठं लावू म्हणून.”

“आणि तिची पोरगी?”

“ती खूश. शाळेनं सांगितलं, एवढी रजा मिळायची न्हाई. मग नाव काढलं. ते मुक्त विद्यालय असतंय न्हवं, त्यातनं परीक्षा देणार. मला विचारती, आज्जी, कोल्हापूरचा अक्षांश किती? म्हटलं, मला घरनंबर म्हाईत हाय तेवढं बास.” जराशा थांबून म्हणाल्या, “सोळा अंश आणि काहीतरी. तिनंच सांगितलं.”

मग काकूंनी आवाज उतरवला. आमच्या गप्पांत आवाज उतरला की खरा माल बाहेर येतो.

“मी अकरा किलो चटणी नेलतो.”

कांदा-लसूण चटणी. मार्चमध्ये संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या गच्चीवर वाळवून, खोबरं-तीळ भाजून, कांडपाला रांगेत उभं राहून केलेली. मला माहीत होतं, कारण गच्ची माझी वापरली होती.

“जावयानं काय करावं? काट्यावर ठिवली! हुकाचा काटा असतोय भंगारवाल्याचा, तसला. वही काढली आणि लिवलं, ‘चटणी, अकरा किलो दोनशे.’ सासूच्या बहिणीची चटणी, आणि काट्यावर! मला म्हणतोय, मावशी, होडीत जे जे चढतंय ते सगळं वजन करूनच चढतंय, न्हाईतर ती पाण्यात खाली बसती आणि पळत न्हाई. चार किलो न्या म्हणाला.”

“मग?”

“मग काय! सहावर तोडलं.”

एवढं झाल्यावर त्या जेवणाच्या तयारीवर आल्या आणि मला कबूल केलं पाहिजे, की आठ दिवसांत काकूंनी खलाश्याएवढं ज्ञान गोळा केलं होतं. पुठ्ठ्याचा एकही खोका होडीत न्यायचा नाही, त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. एकदा झुरळ शिरलं की मग तेच कप्तान. डब्यांवरचे कागद सोलून काढायचे, कारण तळात पाणी साचलं की ते सुटतात आणि मग मक्याचा डबा कुठला आणि अननसाचा कुठला कळत नाही. पत्र्यावर पक्क्या शाईनं नाव लिहायचं. कांदे-बटाटे जाळीत टांगायचे, पण वेगवेगळ्या जाळ्यांत, एकत्र ठेवले तर बटाट्याला लवकर कोंब येतात. पाणी माणशी रोज चार लिटर धरायचं, पिण्याला आणि स्वैपाकाला मिळून. तिघांचं महिन्याचं साडेतीनशे लिटर झालं. म्हणून भात शिजवताना थोडं समुद्राचं पाणी घालायचं, मीठ टाकायला नको. आणि शेगडी झुलती असते. होडी कलली तरी कुकर सरळ राहतो.

“माणसांनाबी तसंच झुलतं काहीतरी पायजे होतं,” काकू म्हणाल्या. “मी अर्धा तास चढलो न्हवं तिच्यावर, बांधलेली होती तरी पोटात कालवलं.”

“औषधपाणी?”

“तिघांचे दात करून आलेत. अक्कलदाढ काढली आमच्या पोरीनं, भर समुद्रात दुखली तर काय करणार? आणि टाके घालायला शिकलीय ती. कोंबडीच्या तंगडीवर. सुरीनं कापायचं, मग शिवायचं. आणि तीच तंगडी रात्री रश्श्यात!” काकूंनी कपाळावर हात मारला. “तांबड्या रश्श्यात दोरा सापडला गं मला. काळा.”

इतका वेळ व्हरांड्यात पेपराआड असलेले काका खाकरले. काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना बायकांच्या गप्पांत रस नसतो, फक्त त्यातली चूक सहन होत नाही.

“लिंबाच्या लोणच्याचं सांग की. तीन बरण्या काचेच्या नेलीस, तिन्ही परत आणलीस.”

“काच चालत न्हाई,” काकूंनी मला कारण दिलं, त्यांना नाही. “आणि तुमच्या चपलाबी परत आणल्यात. जावयासाठी कापशीच्या करकरीत चपला घेतल्या हुत्या ह्यांनी. खाऱ्या हवेत कातड्याला बुरशी येती म्हणे.”

काका पेपरात गेले.

“पर तीन वर्सं गं!” काकू परत मूळ दुखण्यावर आल्या. “तीन वर्सं नुसती तयारीच करालेत. लोक हसाय लागल्यात. अक्काला देवळात बायका विचारतात, काय हो, तुमची होडी बुडली का अजून हाय?”

इथं मला संधी मिळाली. मागच्या उन्हाळ्यात मी कमांडर दिलीप दोंदे यांचं पुस्तक वाचलंय आणि तेव्हापासून ते कुणाला तरी सांगायला मी टपलेली होते. म्हटलं, काकू, एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारणारा पहिला भारतीय आपला दोंदे. त्यानं २००६ साली हो म्हटलं. मुंबईहून निघाला कधी? १९ ऑगस्ट २००९ ला. तीन वर्षं! आणि त्याच्या मागं तर अख्खं नौदल होतं.

“म्हणजे नऊ महिने फिरायला तीन वर्सं तयारी?” काकूंनी हिशेब मनातच केला. मी नऊ महिने म्हटलंही नव्हतं. पण बरोबर होतं, तो २०१० च्या मे महिन्यात परत आला.

“तयारी म्हणजे काय, होडीच नव्हती. अशी होडी आपल्या देशात कुणी बांधलेलीच नव्हती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांचा कारखाना आहे, फेरीबोटीनं जावं लागतं...”

“रायबंदरवरनं. बघितलंय मी.”

“तिथं बांधली. छप्पन फुटी. लाकडाच्या पट्ट्या, त्यावर फायबर. आणि हा गडी तिथंच जाऊन बसला. आपल्याला ज्या होडीत एकट्यानं बसायचंय तिचा स्क्रू न् स्क्रू आपल्याला ठाऊक पाहिजे, समुद्रात मेकॅनिक कुठला? नाव ठेवलं म्हादेई. आपल्या खानापूरच्या रानातनं निघते ती नदी, पुढं मांडवी होते.”

“मूळ कल्पना आवटीसाहेबांची,” पेपराआडून आवाज आला. “व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. एकाहत्तरच्या लढाईत कामोर्टावर होते. रिटायर होऊन फलटणजवळ विंचुर्णीला राहिले. समुद्र बघायचा तर दोन घाट उतरायचे, आणि तिथं बसून त्या माणसानं ही मोहीम काढली. वय ऐंशीला टेकलेलं.” काकांनी पान उलटलं. “आणि आमच्या आर्मीनं त्याच्या आधी केलंय. ‘तृष्णा.’ इंजिनिअर्सवाले. पंच्याऐंशी ते सत्त्याऐंशी.”

“तुम्ही गेला हुता काय?”

“मी बेळगावात होतो.”

“मग गप बसा.”

दोंदेंची मला आवडलेली गोष्ट वादळाची नाहीच. वादळाची गोष्ट कुणीही सांगतं. मला आवडली ती कामांची यादी. एक खोडलं की खाली दोन वाढतात. होडी पाण्यात उतरली म्हणजे तयारी संपली असंही नाही. मॉरिशसपर्यंत जाऊन बघितलं, येताना एकट्यानं आला, मग कळलं काय काय टिकत नाही ते. त्याआधी इंग्लंडला जाऊन सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली तो शिकलाही. हे तेच, १९६९ मध्ये कुठंही न थांबता एकट्यानं पहिली प्रदक्षिणा पुरी करणारे. त्यांची ‘सुहेली’ ही होडी मुंबईत बांधलेली, हे कळल्यावर मी उगीचच खूश झाले होते.

“आणि पोरींनी केलं ते?” काकू म्हणाल्या. “सहाजणी हुत्या. टीव्हीवर दावलं हुतं.”

तारिणी. दांडेकरांनीच बांधलेली म्हादेईची बहीण. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि पाचजणी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या, २१ मे २०१८ ला परत. २५४ दिवस. त्यांचीही तयारी जवळपास तीन वर्षांची आणि शिकवायला दोंदेच. एवढं करूनही येताना सुकाणू बिघडलं आणि मॉरिशसला थांबावं लागलं. आता २०२५ च्या सप्टेंबरात तिन्ही दलांच्या दहाजणी मुंबईहून ‘त्रिवेणी’वर निघाल्या, त्यांची प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर. त्यांचाही सराव तीन वर्षांचा. तीन वर्षं हा काय आकडा आहे कोण जाणे. देवळातल्या बायकांना हे सांगायला हवं.

“सहाजणी एका होडीत,” काकू विचारात पडल्या. “आणि स्वैपाक?”

“पाळीनं.”

“भांडणं?”

“ती पुस्तकात लिहीत नाहीत.”

“तेच तर वाचायचं असतंय.”

मग त्या गप्प झाल्या. बोटानं भिंतीवरचं शेवाळ खरवडत म्हणाल्या, “त्या केरळच्या पोराची पाठ मोडलेली न्हवं?”

अभिलाष टॉमी. म्हादेईवरूनच २०१२-१३ मध्ये न थांबता फेरी मारलेला. २०१८ च्या सप्टेंबरात शर्यतीत, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, वादळात त्याच्या होडीची डोलकाठी मोडली आणि पाठीचा कणा दुखावला. तीन दिवस तो हलता न येता पडून होता, मग फ्रेंच जहाजानं उचलला. काकूंना ही बातमी माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे त्या शोधून शोधून वाचत होत्या.

“तो परत गेला काकू. त्याच शर्यतीत, २०२२ ला. दुसरा आला.”

“व्हय. त्येबी वाचलंय.”

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, आपलं कोल्हापूर काही समुद्राला नवीन नाही. मालवण आणि सिंधुदुर्ग १८१२ पर्यंत करवीरच्या छत्रपतींचेच होते, म्हणजे आपलंही आरमार होतं. आणि धर्म बुडतो म्हणून लोक समुद्र ओलांडत नव्हते तेव्हा, १८७० मध्ये, आपले राजाराम महाराज विलायतेला गेले. वीस वर्षांचे.

“आणि आले न्हाईत,” काकू म्हणाल्या.

माझं हे उदाहरण चुकलंच. महाराज येताना फ्लॉरेन्समध्ये वारले. दोन नद्यांच्या संगमावर तिथंच दहन झालं, आजही तिथल्या बागेत त्यांचा पुतळा आहे. समुद्रानं काही केलं नव्हतं, पण काकूंना तो फरक पटवण्यात अर्थ नव्हता.

“पिशवी दावली मला आमच्या पोरीनं,” काकू म्हणाल्या. “पिवळी. दाराशीच टांगलीय. होडी बुडाय लागली तर तेवढी एकच उचलायची आणि फुगवायच्या तराफ्यात उडी टाकायची. पासपोर्ट, औषधं, पाणी, बिस्किटं, बॅटरी, सिग्नलचं यंत्र. मी बघितलं आणि म्हटलं, अगं, ही तर आमची पुराची पिशवी!”

खरंच होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आमच्या गल्लीत आली तेव्हा याच भिंतीवरून मी काकूंना हात दिला होता. त्यांच्या काखेत एक पिशवी होती. त्यात घराची कागदपत्रं, चार पाटल्या, काकांच्या बीपीच्या गोळ्या, अंबाबाईचा टाक आणि का कोण जाणे, टीव्हीचा रिमोट. रबरी बोटीत बसताना काकू ओरडत होत्या, ‘गॅस बंद केला का?’ तेव्हापासून ती पिशवी त्यांच्या दारामागं भरलेलीच असते. दर जूनला त्या गोळ्यांची तारीख बघतात. रिमोट काढलाय.

“मी तिला सांगितलं, पिशवीत रिकामपणी करायला कायतरी ठेव. पुरात मला सगळं मिळालं, पर बसून करायला काय न्हवतं. पत्त्यांचा कॅट घातलाय तिनं.”

कुकरची शिट्टी झाली. त्यांच्याकडची. काकू जागच्या हलल्या नाहीत.

“माझं माहेर सैनिक टाकळी. तुला म्हाईत हाय. आमच्यात घराघरातला एकतरी फौजेत. ट्रंक भरायची, बेसनाचे लाडू घालायचे, एसटीवर सोडायचं, ह्याची मला सवय हाय. माणूस जातो. घर हितंच असतंय. दिवा लावतंय, पत्राची वाट बघतंय. हे कसलं गं? हितं घरच चाललंय. जूनपासनं फ्लॅट भाड्यानं दिलाय, कुंड्या वाटल्या, मांजर अक्काकडं. तिच्या भांड्यांवर तिचं नाव घातलंय लग्नातलं, ती माझ्या माळ्यावर येणार. फोन केला तर उचलणार कोण? अक्काचा गुडघा धड न्हाई, तिला त्यो फोनबी कळत न्हाई. मग मलाच नकाशा लावून दिलाय मोबाइलमधी. रोज एक ठिपका येणार म्हणे होडीचा. त्यो बघायचा.”

“दुसरी शिट्टी झाली!” काकांनी आतून सांगितलं. उठले मात्र नाहीत.

मी घरात जाऊन व्हॅसलीनची डबी आणली. काकूंनी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे भिंतीवर ठेवला. मी म्हटलं, पुठ्ठा चालत नाही ना? त्यांनी माझ्याकडं बघून ट्रे फेकला आणि स्टीलची परात आणली. आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी बारा अंड्यांना व्हॅसलीन चोळत बसलो. ते वाटतं तितकं सोपं नाही. अंडं हातातून निसटतं आणि एक निसटलंच, त्यांच्या बाजूला, अबोलीच्या कुंडीत. अकरा राहिली.

पुढच्या आठवड्यात काकू पुन्हा गोव्याला गेल्या, सामान बांधायला. जाताना परात माझ्याकडं दिली. सोबत वहीचा कागद, त्यावर तारखा, आणि ‘एक दिवसाआड उलटणे, फ्रीजमधी न ठेवणे, खाणे नाही’ असं मोठ्या अक्षरात. ‘खाणे नाही’च्या खाली दोन रेघा.

आज सव्विसावा दिवस. सकाळी पातेल्यात पाणी घेऊन एकेक सोडून बघितलं. नऊ तळाला गेली, दोन उभी राहिली. काकूंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, उभी राहिलेली कुठल्या बाजूनं उभी राहिली, टोकदार का बोथट? मी पुन्हा पाणी भरलं.